छोटी डिझेल एसयूव्ही लाख किलोमीटरच्या पुढे गेली की काय काय निघतं आणि किती खर्च येतो? (मराठवाड्यातले अनुभव सांगा)

दुधनाकाठ (सेलू)

नमस्कार मंडळी. माझ्याकडे 2018 ची चार मीटरच्या आतली डिझेल एसयूव्ही आहे. मॅन्युअल गिअर, पहिल्यापासून आमच्याच घरात. रीडिंग 1 लाख 20 हजारांच्या पुढे गेलंय. मेकचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण नाव आलं की धागा 'ही भारी का ती भारी' याच्यावर जातो आणि कामाचं राहून जातं.

तक्रारी तीन. बारीक खड्ड्यांतून जाताना समोरून खटखट आवाज यायलाय. एसी गावात थंड करत नाही, हायवेला जरा बरा चालतो. आणि क्लचचा पाय जड लागायलाय. शोरूमच्या वर्कशॉपला दाखवली, तर पुढचे दोन्ही शॉकअप माउंटसकट 19,500, दोन्ही लोअर आर्म (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारे खालचे दांडे) 11,000, क्लच सेट 24,500 आणि एसीचा कॉम्प्रेसर 27,000, असं 82,000 चं एस्टिमेट हातात आलं. गाडी लिफ्टवर घेतली नाही, एसीला गेज लावलं नाही. ॲडव्हायजर एक चक्कर मारून आला आणि आकडे लिहिले.

वडील म्हणायलेत, विकून टाक, डिझेलला दहा वर्षांनी बंदीच आहे. इंजिन मात्र अजून ठणठणीत. ऑइल खात नाही, धूर नाही, ॲव्हरेज पहिल्यासारखं. या वयाच्या गाड्यांना तुमच्याकडे काय निघालं आणि बाहेर किती लागले, ते आकड्यांसकट सांगा.

बालाघाट (अंबाजोगाई)

भाऊ, घाई करू नका. माझं स्वतःचं गॅरेज आहे, रोज हेच काम. तुम्ही लिहिलेल्या लक्षणांवरून चारपैकी एकही पार्ट आजच बदलायलाच पाहिजे असं म्हणता येत नाही. कुणालाही म्हणता येणार नाही, गाडी उचलल्याशिवाय.

आवाजापासून सुरू करू. खटखट कधी येते ते आधी नीट ऐका. बारीक खडी, उखडलेलं डांबर, हळू वेग, आणि तेव्हाच खटखट येत असेल तर बहुतेक वेळा लिंक रॉड (सस्पेन्शनची बारीक जोडदांडी) असतो. ब्रेक मारताना किंवा गाडी मागे-पुढे घेताना एकच 'ठक' होत असेल तर लोअर आर्मचा बुश (जोडावरचं रबर). उभ्या गाडीत स्टेअरिंग फिरवताना करकर किंवा स्प्रिंग उसळल्यासारखं वाटलं तर शॉकअपचं वरचं माउंट नाहीतर त्याचं बेअरिंग. पूर्ण वळणात टकटक टकटक असा ताल धरला तर ॲक्सलचा जॉइंट. आणि वेगासोबत घूंऽऽ असा आवाज वाढत जात असेल, वळणावर कमी-जास्त होत असेल, तर व्हील बेअरिंग. शॉकअप गेला म्हणजे त्याच्या अंगावर तेल ओघळलेलं दिसतं, किंवा स्पीडब्रेकरवरून उतरल्यावर गाडी दोन-तीनदा हेलकावते. यातलं काहीच नसेल तर शॉकअपला हात लावायचा नाही.

आमच्याकडचे बाहेरचे भाव सांगतो. चांगल्या कंपनीचे लिंक रॉड जोडी 1,500 ते 3,000. लोअर आर्म अख्खा 2,500 ते 4,500 एका बाजूचा. नुसता बुश मिळाला तर 300 ते 600 आणि प्रेसची मजुरी, पण आर्मचा बॉल जॉइंटही ढिला असेल तर अख्खा आर्मच टाका, नाहीतर सहा महिन्यांत दुसऱ्यांदा मजुरी जाते. शॉकअप जोडी 6,000 ते 10,000. व्हील बेअरिंग 2,500 ते 5,000, हब धरून असेल तर वरच्या आकड्याकडे. यातलं काहीही खोललं की अलाइनमेंट करायचीच, ते 800 ते 1,500 वेगळे धरा.

क्लचबद्दल नंतर लिहितो, गिऱ्हाईक आलंय.

गोदाकाठ (गंगाखेड)

एक साधी गोष्ट आधी बघा. आमच्या शेताचा रस्ता काळ्या मातीचा आहे. पावसाळ्यात चिखल रिमच्या आतल्या बाजूला बसतो आणि वाळून दगड होतो. मग ऐंशीच्या पुढे स्टेअरिंग थरथरतं. आमच्या पाहुण्यांना याच थरथरीसाठी टायर बदला, स्टेअरिंगचा रॅक बदला, असं सगळं सांगून झालं होतं. चाक काढून आतला गोळा पेचकसने खरवडला, पाण्याच्या फवाऱ्याने धुतलं, थरथर बंद. चिखलातून आलात की वॉशिंगवाल्याला फक्त बॉडी नाही, चाकाच्या आतून आणि पोटाखालून पाणी मारायला सांगा. तेव्हाच ॲक्सलचे रबर बूटही बघून घ्या. बूट फाटला की आतलं ग्रीस उडतं, चिखल शिरतो. 600 ते 1,200 चा बूट वेळेवर बदलला नाही तर ॲक्सल 8,000 ते 15,000 ला जातो.

असना (नांदेड)

मी फक्त एसीचं काम करतो, तेव्हा त्याच्याबद्दल सविस्तर लिहितो.

कॉम्प्रेसर चालू होत नाही म्हणजे कॉम्प्रेसर खराब, हे गणितच चूक आहे. सिस्टीममध्ये गॅस कमी झाला की प्रेशरचा सेन्सर कॉम्प्रेसरला चालू होऊच देत नाही. आतल्या पार्टला इजा होऊ नये म्हणून तशी सोयच केलेली असते. त्यामुळे पहिलं काम गेज लावणं. गॅस कमी निघाला तर तो गेला कुठे हे शोधणं. गॅस 'संपत' नाही, तो गळतो. नुसता गॅस भरून पाठवणारा माणूस तुमचे 1,500 ते 2,500 रुपये हवेत सोडतो. एक-दोन महिन्यांत परत तेच.

तुम्ही लिहिलंय की गावात थंड होत नाही आणि हायवेला बरा चालतो. म्हणजे कंडेन्सरला (गरम गॅस गार करणारा, रेडिएटरसारखा पार्ट) हवा मिळत नाही, किंवा तो चोंदलाय, किंवा गॅस कमी आहे. कंडेन्सर सगळ्यात पुढे, जाळीच्या मागेच असतो. आपल्याकडे उघड्या खडीच्या रस्त्यावर पुढच्या टिप्परचे खडे थेट त्याच्यावर येतात. त्यात धूळ, किडे आणि सोयाबीनच्या दिवसांत भुसकट. आधी कंडेन्सरचा फॅन दोन्ही स्पीडला फिरतो का बघा. मग बंपरची जाळी काढून टॉर्चने बघा. जिथे गॅस गळतो तिथे गॅससोबत ऑइल बाहेर येतं आणि त्याच्यावर धूळ चिकटून काळा, ओलसर डाग पडतो. तो डाग सापडला म्हणजे अर्धं काम झालं. सापडला नाही तर नायट्रोजन भरून प्रेशर धरून ठेवतात आणि साबणाच्या पाण्याने बुडबुडे बघतात.

कंडेन्सर 5,000 ते 9,000. कूलिंग कॉइल 4,000 ते 8,000, पण तिच्यासाठी बऱ्याच गाड्यांत अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो, मजुरीच 3,000 ते 5,000. डॅशबोर्ड एकदा खोलला की नंतर कुठून ना कुठून किरकिर आवाज येतोच, म्हणून कॉइल खात्री झाल्याशिवाय काढू देऊ नका. कॉम्प्रेसर नवा 15,000 ते 25,000. परभणीच्या मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला जातो, तिथे एसीवर खर्च करावाच लागतो, पण योग्य जागी करा.

लेंडी (उदगीर)

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे, पण इथेच विचारते. माझी गाडी 2021 ची, बीएस-सहा डिझेल. रोज घर ते शाळा, सहा-सात किलोमीटर, तेही गावातूनच. डॅशबोर्डवर फिल्टरचा दिवा वरचेवर लागतो. सर्व्हिस सेंटरला नेली की मशीन लावून घालवतात, 3,000 घेतात, महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा तेच. आता फिल्टरच बदला म्हणायलेत आणि आकडा लाखाच्या जवळ आहे. खरंच बदलावा लागतो का?

बालाघाट (अंबाजोगाई)

ताई, लगेच बदलू नका.

1 एप्रिल 2020 पासून बीएस-सहा आलं, तेव्हापासून डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारा फिल्टर असतो, डीपीएफ म्हणतात त्याला. साचलेली काजळी जाळायला त्याच्या आत 600 अंशांच्या आसपास तापमान लागतं. सहा किलोमीटरच्या फेरीत इंजिनच नीट तापत नाही, तर फिल्टर कुठून तापणार? गाडी काजळी जाळायला सुरुवात करते, तेवढ्यात तुम्ही शाळेत पोचता आणि चावी बंद करता. असं सारखं झालं की जाळण्यासाठी जास्तीचं सोडलेलं डिझेल खाली इंजिन ऑइलमध्ये उतरतं. म्हणून डिपस्टिक काढून बघा. ऑइलची पातळी वाढलेली दिसली आणि डिझेलचा वास आला तर ऑइल आधी बदला.

आठवड्यातून एकदा लातूर रोडला गाडी काढा आणि वीस-पंचवीस मिनिटं साठच्या वर, 2,000 आरपीएमच्या पुढे, एका चालीने चालवा. दिवा लागलेला असताना मध्ये बंद करू नका. ऑइल डीपीएफला चालणारंच पाहिजे, मॅन्युअलमध्ये ग्रेड दिलेला असतो. साधं ऑइल टाकलं तर त्याची राख फिल्टरमध्ये बसते आणि राख काही केल्या जळत नाही. एवढं करूनही दिवा येतच राहिला तर स्कॅनरवर काजळी किती, प्रेशर सेन्सर बरोबर दाखवतो का, ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात पाठवणारा व्हॉल्व्ह) अडकलाय का, हे बघायला लावा. सेन्सर खोटं सांगत असेल तर तो काही हजारांत येतो आणि फिल्टर वाचतो.

आणि खरं सांगायचं तर रोजचं चालणं एवढंच असेल तर पुढची गाडी पेट्रोल घ्या. या वापरासाठी डिझेल चुकीचीच आहे.

मांजरा (लातूर)

बालाघाट यांच्या माहितीला जोडून एक गोष्ट, कळकळीने सांगतो. काजळी जळत असताना सायलेन्सरची ती जागा प्रचंड तापलेली असते. आपल्याकडे ऑक्टोबरात रस्त्यावर सोयाबीन पसरलेलं असतं, पुढे ज्वारी, हरभरा. शेतकऱ्याचीही अडचण आहे, खळ्याला जागा राहिलेली नाही, त्याला दोष देत बसण्यात अर्थ नाही. पण त्यावरून गाडी गेली की काड पोटाखाली गुंडाळलं जातं, ॲक्सलला, सायलेन्सरला. तसंच घेऊन पन्नास किलोमीटर पळालात तर ते पेटू शकतं. अशा पट्ट्यातून गेलात की पुढे मोकळी जागा बघून थांबा, वाका, काठीने काढा, हाताने नको, भाजेल. वाळल्या गवतावर किंवा भुसकटावर गरम गाडी उभी करू नका. जळका वास आला तर आधी माणसं खाली उतरवा, मग बोनेट.

बिंदुसरा (बीड)

विरोधी मत मांडतो. बाहेरचा मिस्तरी स्वस्त, हे मान्य. पण आजच्या गाड्यांत जागोजागी सेन्सर आहेत, बाहेर सगळ्यांकडे चांगला स्कॅनर नाही. नकली पार्टचा सुळसुळाट आहे. माझ्या भावाने बाहेरून ब्रेक पॅड टाकले, महिन्यात डिस्कला रेघा पडल्या. वॉरंटीतली गाडी असेल तर बाहेर न्यायचा विचारही करू नये. ब्रेक, स्टेअरिंग, एअरबॅग यांत पैसे वाचवायला जाऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

बालाघाट (अंबाजोगाई)

नकली पार्टबद्दल शंभर टक्के सहमत. उपाय एवढाच की पार्ट स्वतः बिलावर घ्या, डबा तुमच्यासमोर फोडायला लावा आणि जुना पार्ट परत मागा. नांदेड-उदगीरकडची मंडळी स्पेअरसाठी हैदराबाद गाठतात, तिथेही पक्कं बिल मागायचंच. 22 सप्टेंबर 2025 पासून गाडीच्या पार्टवर जीएसटी 18 टक्के झालाय, आधी 28 होता. जुन्या रेटने कोणी एस्टिमेट देत असेल तर दाखवून द्या.

वॉरंटीचं मात्र अर्धंच खरं आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट 2014 मध्ये स्पेअर पार्ट खुल्या बाजारात मिळू न देण्यावरून चौदा कार कंपन्यांना 2,544.65 कोटींचा दंड लावला होता. त्याच आदेशात, नुसतं बाहेर काम केलं एवढ्या कारणावरून सरसकट वॉरंटी रद्द करू नका, असंही बजावलं होतं. प्रकरण पुढे अपिलात गेलं. पण व्यवहारात, वॉरंटी चालू असताना इंजिन आणि गिअरबॉक्सचं काम शोरूमच्या वर्कशॉपलाच करा, कटकट नको. टायर, बॅटरी, अलाइनमेंट कुठेही करा. बॅटरी 5,000 ते 7,000, सोळा इंची टायर एक 6,500 ते 9,500.

आता क्लच. पाय जड लागतो म्हणजे प्लेट संपली असं नाही. चौथ्या गिअरला चाळीसच्या वेगाने जाताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएम वर पळाला आणि वेग वाढला नाही, तर प्लेट घसरायलीय. तसं होत नसेल तर अजून चालवा. सेटचे बाहेर 9,000 ते 16,000, मजुरी 3,000 ते 6,000.

सीना (परंडा)

सप्टेंबर 2025 च्या पुरात आमच्या भागात किती गाड्या पाण्यात गेल्या ते सगळ्यांनी पाहिलं. त्यातून शिकण्यासारखं एक आहे. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्ट करायची नाही. एअर फिल्टरच्या वाटेने पाणी सिलिंडरमध्ये गेलेलं असतं, पाणी दाबलं जात नाही, मग कनेक्टिंग रॉड वाकतो. नुसती बुडालेली गाडी साफ करून, सगळी ऑइलं बदलून चालू होते. स्टार्टर मारलेली गाडी इंजिन मागते. शिवाय स्टार्ट केल्यामुळे झालेलं इंजिनचं नुकसान साध्या फुल इन्शुरन्समध्ये बसत नाही, त्याला इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कव्हर लागतं. बॅटरीची वायर काढा, फोटो काढा, इन्शुरन्स कंपनीला कळवा आणि टो करूनच न्या. रबर-प्लॅस्टिकच्या पार्टवर निम्मी घसारा कपात होते, तीही झिरो डेपचं (घसारा न कापणारं) कव्हर असेल तर वाचते.

दुधनाकाठ (सेलू)

सगळ्यांचे मनापासून आभार. परभणीला एका ओळखीच्या मिस्तरींकडे गाडी लिफ्टवर घेतली आणि स्वतः खाली उभा राहिलो. त्यांनी उजव्या लोअर आर्मच्या मागच्या बुशात टॉमी (लोखंडी पहार) घालून दाबली, तर रबर लोखंडापासून अर्ध्या गोलात सुटलेलं, फटीत नख जाईल एवढी जागा. डावा आर्म घट्ट. लिंक रॉड दोन्हीकडचे हाताने हलायले. शॉकअपवर नुसती धूळ, तेलाचा थेंब नाही. दोन्ही लिंक रॉड 2,400, उजवा आर्म 3,600, मजुरी 1,200, अलाइनमेंट 900. खटखट गेली.

एसीला गेज लावलं, गॅस निम्म्याहून कमी. असना यांनी लिहिलेला तो काळा डाग कंडेन्सरच्या खालच्या कोपऱ्यात, अगदी तसाच होता. कंडेन्सर 6,800, गॅस-ऑइल 2,200, मजुरी 1,500. कॉम्प्रेसर जुनाच, आणि भर दुपारी गावातही गारवा आहे. म्हणजे आवाज आणि एसी मिळून 18,600, जिथे एस्टिमेट 57,500 चं होतं. क्लच चाळीसच्या वेगाला दाबून पाहिला, घसरत नाही, म्हणून थांबलोय.

मिस्तरींनी कूलंटची टाकी उघडली तेव्हा मात्र कडेला पांढरा थर दिसला. आमच्या बोअरचं पाणी मध्ये कधीतरी ड्रायव्हरने टाकलं असणार. काय करावं?

बालाघाट (अंबाजोगाई)

हे तुमच्या बाकी सगळ्या तक्रारींपेक्षा महत्त्वाचं आहे. आपल्याकडच्या बोअरचं पाणी क्षाराचं असतं. ते रेडिएटरच्या बारीक नळ्यांत थर धरतं, आधी थर्मोस्टॅट अडकतो, मग वॉटर पंपाचं सील जातं, आणि उन्हाळ्यात एखाद्या दिवशी काटा वर चढला की हेड गॅस्केट (इंजिनच्या हेडखालचं सील) जातं. तिथपर्यंत गेलं तर 25,000 ते 40,000 सहज. आत्ता केलं तर फारच थोडक्यात भागतं. गार इंजिनवर सगळं कूलंट काढा, फ्लशिंग करा, मिस्तरी स्वच्छ म्हणेपर्यंत डिस्टिल्ड पाणी फिरवा, मग कंपनीने सांगितलेलं कूलंट मापात भरा. 1,500 ते 2,500 मध्ये होतं. थर्मोस्टॅट या रीडिंगला बदलूनच टाका. गाडीत कूलंटची एक बाटली ठेवा आणि ड्रायव्हरला सांगून ठेवा.

इंजिनला टायमिंग बेल्ट आहे का चेन, तेही मॅन्युअलमध्ये बघा. डस्टरच्या 1.5 डिझेलला बेल्ट, जुन्या ब्रेझाच्या 1.3 डिझेलला चेन. बेल्ट असेल तर त्याची मुदत किलोमीटर आणि वर्षं दोन्हीत दिलेली असते, जे आधी येईल ते. तुटला तर व्हॉल्व्ह वाकतात.

मांजरा (लातूर)

आणि दुधनाकाठ, वडिलांना सांगा, डिझेलला दहा वर्षांची अट दिल्ली आणि आसपासच्या एनसीआर भागासाठी आहे. आपल्याकडे खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, त्यानंतर आरटीओत तपासणी करून आणि ग्रीन टॅक्स भरून पुन्हा पाच वर्षं वाढवून मिळते. तुमची गाडी 2018 ची, म्हणजे 2033 पर्यंत कागदाची काळजी नाही. इंजिन असं असेल तर विकू नका, याच पैशात मिळणारी दुसरी जुनी गाडी कुणी कशी वापरलीय ते तुम्हाला कळणार नाही.

दुधनाकाठ (सेलू)

वडिलांना वाचून दाखवलं, पटलं त्यांना. कूलंटचं काम या रविवारी. क्लच पुढे कधी खोलला तर फ्लायव्हीलचं (क्लच ज्यावर बसतो त्या इंजिनच्या जड चाकाचं) काय बघायचं, तेवढं सांगून ठेवा.

बालाघाट (अंबाजोगाई)

आधी तुमच्या गाडीला साधं फ्लायव्हील आहे का ड्युअल मास (दोन भागांचं, मध्ये स्प्रिंग असलेलं), ते चेसिस नंबरवरून पार्टवाल्याला विचारा. साधं असेल तर लेथवर घासून चालतं, खर्च किरकोळ. ड्युअल मास असेल तर ते हाताने डावी-उजवीकडे फिरवून बघायचं. थोडी हालचाल असतेच, पण सैल खडखडलं, ग्रीस बाहेर आलेलं दिसलं किंवा निळे डाग दिसले तर बदलावं लागतं, 25,000 ते 45,000. चांगलं असेल तर तसंच राहू द्या, नुसता सेट टाका. गिअरबॉक्स खाली असताना रिलीज बेअरिंग आणि क्रँकचं मागचं ऑइल सील मात्र बदलूनच घ्या. खोलल्यावर फ्लायव्हीलचा फोटो इथे टाका, बघून सांगतो.